हिचं माहेर कुठलं?

सुखी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझाच वर्गमित्र निघावा, याचं दुःख माझ्या मनातून जात नाही. नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला पहिला मी आलो होतो. हा कंधारचा गडी माझ्याच जर्नलमधून आकृत्या उतरवायचा, आणि त्याही वाकड्या. आज मी लातूरच्या एका क्लासमध्ये प्रकाशसंश्लेषणाचा धडा चाळीस मिनिटांत उरकतो. तो नांदेडच्या प्रयोगशाळेत त्यातल्याच एका जनुकापाशी वीस वर्षं ठाण मांडून बसलाय. परदेशी मासिकांत त्याचं नाव छापून येतं. त्याचा हेवा वाटतोच, पण खरा जळफळाट होतो तो त्याचा चेहरा पाहून. सोमवारी सकाळी कामाला जाताना माणसानं इतकं खूश असावं का?

पान दिसलं की ते उन्हाकडे धरून बघायचं, ही त्याची जुनी खोड. कंधारच्या बाजारातले भाजीवाले चाचा तो दिसला की मेथीच्या जुड्यांवर पोतं टाकतात. “लेना हय तो लेव साब, सूरज कू नक्को दिखाव!” माझ्या लग्नात तर मांडवाला बांधलेल्या केळीच्या पानावर त्याला एक पांढरा पट्टा दिसला आणि ऐन मंगलाष्टकांत हा खुर्चीवर चढला. निम्म्या अक्षता त्याच्याच डोक्यात पडल्या. आमच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मधोमध आजही तोच उभा आहे, हातात केळीचं पान घेऊन.

पानातल्या हिरव्या कणांना, म्हणजे हरितलवकांना, स्वतःची जनुकं असतात आणि ज्वारीसारख्या पिकात ती फक्त आईकडून येतात. हे मी मुलांना दोन गुणांसाठी सांगतो. तो चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला धरून सांगतो, “रंगरूप बापाचं असू द्या हो, पानातला स्वयंपाक आईच्याच हातचा राहतो!” म्हणून कुठल्याही वाणाचं तो मूळ विचारत नाही, माहेर विचारतो.

मागच्या वर्षी त्यानं मला आमच्या लातूरकडच्या मुरुडजवळ एका शेतात नेलं. ऐन उघडिपीत आजूबाजूचं रान माना टाकून होतं आणि तिथली पिवळी ज्वारी मात्र टवटवीत. शेतकरी आणि त्याची बायको बांधावर उभे होते. यानं ज्वारीच्या ताटाला हात लावून विचारलं, “दादा, हिचं माहेर कुठलं?” दादांनी बायकोकडे पाहिलं. ती पदर सावरत म्हणाली, “उमरी.” यानं आनंदानं नमुन्याच्या पाकिटावर लिहिलं: उमरी. घोटाळा माझ्या लगेच लक्षात आला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा तरी हा चुकावा, असं मला मनापासून वाटलं.

पुढे वर्षभर तो त्या ज्वारीची भावंडं शोधत नांदेडकडच्या उमरीच्या आसपासची गावं पालथी घालत होता. फोनवर म्हणायचा, “सापडंना गड्या, पर लई मजा येऊन राहिली!” चुकीतही त्याला मजाच येत होती. मग एकदा म्हणाला, “लेख सोमवारी धाडतो. आभारात तुझं नाव हाय बरं का.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. उमरी तशीच छापून आली असती आणि त्याची वीस वर्षांची अब्रू गेली असती. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. “अरे, ते माहेर बाईंचं होतं, ज्वारीचं नव्हे.” तो म्हणाला, “मुरुडला चल. इचारून घेऊ.”

बाई पोट धरून हसल्या. “ज्वारीचं बी तेच की ओ! लग्नात आईनं ह्याच ज्वारीनं वटी भरली व्हती. तीच पेरीत आलो आमी. उमरीत आता कुणीच पेरीत न्हाई.”

पाकिटावरचं नाव बरोबर होतं. त्यानं तिथेच बांधावर बसून दोनदा ते वाचलं. परतीच्या एसटीत तो ज्वारीचं पान खिडकीला लावून बघत होता. मी वर्षभर गप्प का होतो, हे त्यानं विचारलंच नाही. शेवटी मलाच राहवेना.

“मला तेव्हाच कळलं होतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं.”

“हाव,” तो म्हणाला. “पर सांगितलंस की.” आणि खिडकीची जागा मला देऊन तो सरकला.

हेवा अजूनही वाटतो. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून जास्तच वाटतो.