बाईंचे आंबे मी काढले होते

सदर भागात माझी भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी होती, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. ज्यांना आठवतं त्यांना सांगायचं आहे, की सत्तरच्या दशकात माझ्याकडच्या प्रेमकथांच्या शेवटी जे आंबे काढलेले असत, त्यांतले बरेचसे खोटे होते. ते मी काढले होते.

नेहमीच्या वाचक बायका पुस्तक वाचून झालं की शेवटी पेन्सिलीने आपली खूण करत. प्रेमकथांची नावं सारखी, मुखपृष्ठांवरच्या मुलीही सारख्याच. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. कुणाची चांदणी, कुणाचा मासा, एकीची चक्क इस्त्री. जवळच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आंबा काढत. पुस्तक आवडलं तर आंब्याला देठ, नाही तर नुसताच आंबा. कॉलेजच्या मुलींनी हे हेरलं आणि मग मला कुणी विचारेना.

"हे घ्या, फार छान आहे," मी म्हणायचो.

"नको वं, आंबा नाही याच्यावर," एक मुलगी दुसरीला सांगायची, मी तिथे नसल्यासारखं.

"भाऊले काय समजते प्रेमातलं," दुसरी म्हणायची.

मला ते लागलं. शिवाय एक अख्खी मांडणी कुणी हात न लावलेल्या पुस्तकांची होती. एका दुपारी बसून मी त्या सगळ्यांवर आंबे काढले, सगळे देठाचे. आठवड्याभरात मांडणी रिकामी. बाईही त्याच मांडणीवरून पुस्तकं नेतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

"भाऊ, हे मी वाचलेलं आहे?" बाईंनी एक दिवस विचारलं.

"खूण तर आहे," मी म्हणालो.

त्यांनी ते नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. "एक ओळ ओळखीची नाही. अन् देठ आहे, म्हणजे मले आवडलंही होतं. इतकं भिकार पुस्तक?"

मग दुसरं, तिसरं, चौथं. बाई भिजवलेले बदाम खाऊ लागल्या. डोक्यावर ब्राह्मीचं तेल इतकं, की त्या येऊन गेल्या हे वासावरून कळे. एका शनिवारी म्हणाल्या, शाळेने मुख्याध्यापिका व्हा म्हटलंय, पण सोमवारी नाही म्हणून कळवणार.

"काहून?"

"जिले आपण काय वाचलं ते आठवत नाही, तिनं शाळा काय सांभाळायची गा?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी खोडरबर काढलं. बाईंना थोडं थांबायला सांगून आत जाऊन आंबे खोडायला बसलो. पण मी इतके हुबेहूब काढले होते, की देठाच्या आंब्यांत माझे कोणते आणि बाईंचे कोणते हे मलाच कळेना. सगळेच खोडले. त्यांनी त्यांतलंच, आता खूण नसलेलं एक पुस्तक निवडलं आणि खूश होऊन गेल्या.

सोमवारी शाळेआधी बाई दारात उभ्या.

"भाऊ, मले पुढचं दिसून राहिलं. दुसऱ्याच प्रकरणात समजलं, हा डॉक्टर तिचा काका निघणार. निघाला. गाडी चुकणार हेही समजलं. चुकली."

"मग शाळेचं काय?"

"हो म्हणून सांगणार. पुढचं दिसणारी मुख्याध्यापिका कोणत्या शाळेले मिळते?"

बाई उत्तम मुख्याध्यापिका झाल्या. त्यांना पुढचं दिसतं या धाकाने त्यांच्या शाळेत कॉपी करायची कुणाची छाती नव्हती. मी मात्र बारा वर्षं त्यांच्यासमोर मान खाली घालून पुस्तकं देत राहिलो. शेवटी त्या निवृत्त झाल्यावर सगळं सांगून टाकायला त्यांच्या घरी गेलो.

"थांबा भाऊ, सांगू नका," दार उघडताच बाई म्हणाल्या. "तुम्ही कायले आले ते मले दिसून राहिलं. लायब्ररी बंद करून राहिले ना?"

त्या माझ्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होत्या, की मी हो म्हणालो.

पुढच्या महिन्यात लायब्ररी बंद केली.