खुर्ची कोणी ओढली

मी बसाले गेली आन् खाली खुर्ची नव्हती.

आपटली. माकडहाड असं ठणकलं का तोंडातून आवाजच निघाला नाही. डोक्याले मागच्या टेबलाची कड लागली. ओढणी कुठं, चप्पल कुठं. मी फरशीवर, आन् सारं ऑफिस चिडीचूप. मंग बड़े बाबूंचा, आमच्या हेडक्लार्कचा, आवाज आला. जरा नाराजच.

"सच में नहीं दिखता यार इसको।"

मागून कोणी तरी हासलं. "चलो, समोसे आपकी तरफ से।"

समोसे आले. गरम. माह्याही हातात एक दिला, कागदात धरून. मी खाल्ला. हव, खाल्ला. रडू फुटून राहिलं होतं, तोंड बंद ठेवाले काही तरी पाहिजे होतं. माह्याच पडण्याची पैज, आन् तिचा समोसा मीच खाऊन राहिली होती.

हे छत्तीसगडातल्या रायपूरचं एक सरकारी ऑफिस. नाव सांगत नाही. लोकाईचे फोन घ्याचे, तक्रार ऐकाची, कॉम्प्युटरवर टाकाची, हे माहं काम. कॉम्प्युटर कानात बोलते, मी टाइप करते. घर गुढ़ियारीत. बाबा रेल्वेतून रिटायर झाले. आमचं बौद्धाचं घर, हे ऑफिसात पहिल्याच दिवशी साऱ्याईले माहीत झालं. कसं, ते मले नका विचारू. "डबल कोटा" हे माहं नाव पडलं. तोंडावर नाही. पाठीमागं. पण पाठीमागं म्हणजे किती मागं? दोन हातावर बसून बोलत. डोळे नाहीत म्हणजे कानही नसतील, असंच वाटते लोकाईले.

आता मले दिसते असा संशय त्याईले काहून आला, ते ऐका. एक दिवस दुपारी पंखा थांबला, ट्यूबलाइट विझली, आन् मी सहज बोलून गेली, "लाइट गेली वाटते."

झालं. चोर सापडला!

मले उजेड-अंधार समजते. लहानपणापासून तेवढंच उरलं. खिडकी कुठं हाय, ट्यूब चालू का बंद, एवढंच. माणूस दिसत नाही, अक्षर दिसत नाही, पायापुढचा दगड दिसत नाही. पण लोकाईच्या हिशोबानं आंधळं म्हणजे ठार काळोख. काळ्या चष्म्याचं, चाचपडणारं, बिचारं. मी मोबाईल चालवते, लिपस्टिक लावते, कोणी फालतू बोललं तर उलटं बोलते. मंग मी आंधळी कशी? नक्कीच खोटं सर्टिफिकेट!

तेव्हापासून माही तपासणी सुरू झाली. कोणी श्वास रोखून तोंडासमोर येऊन उभं राहे. गुटख्याचा वास काही रोखता येत नाही, पण त्याईले कोण सांगेल. कोणी चालता चालता वाटेत कचऱ्याचा डबा सरकवे. समोर कोणी तोंड वेंगाडून राहिलं का, हात हालवून राहिलं का, काही समजे नाही. म्हणून मी दिवसभर चेहरा नीट ठेवून बसे. खोली रिकामी असली तरी. असं जगून पाहा एक दिवस.

एकाच माणसावर माहा भरोसा होता. रेखा दीदी. माह्याच शेजारच्या टेबलावर. समता कॉलनीत राहते, घर मूळचं अमरावतीकडचं. ऑफिसात मराठी बोलणारी ती एकटी. सकाळी गेटवर हात धरे, टेबलापाशी आणून सोडे. डब्यातलं पहिलं मले देई. तिच्या काचेच्या बांगड्या वाजल्या का मले बरं वाटे. आलं आपलं माणूस.

पडली त्या दिवशी घरी आईनं पाठीले तेल लावून दिलं. विचारलं, "कोणी ओढली व खुर्ची?"

"माहीत नाही."

"जाऊ दे बाई. नोकरी हाय. पडलं त उठाचं."

पण माह्यानं जाऊ देणं होईना. बड़े बाबूंवर संशय घेतला. चहावाल्यावर घेतला. स्टोअरच्या भैयावर घेतला, त्याचं हासू मले आधीपासून आवडत नव्हतं. जो बोले त्याच्या आवाजात मी तेच शोधू लागली. तू का? तूच का? एकीवर मात्र घेतला नाही. आन् तिच्याचसोबत डबा खात असताना ते एकदम डोक्यात आलं. 

"दीदी, त्या दिवशी तुम्ही तिथंच होत्या ना? मी पडली तरी तुमच्या बांगड्या काहून नाही वाजल्या?"

तिचा घास थांबला. 

"अगं, मी तुझ्याच बाजूनं होते," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, नाटक करते, हिला दिसतं. मीच म्हटलं, लावा पैज. एकदाची तोंडं बंद होतील त्यांची. तुझ्या भल्यासाठीच ओढली गं मी. आता कोणी काही म्हणतं का तुला, सांग?"

खरं होतं. आता कोणी काहीच म्हणत नव्हतं.

"तुम्हाले त माहीत होतं ना, मले दिसत नाही म्हणून?"

"होतंच की."

"मंग ओढली काहून?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. बांगड्या हातानं दाबून धरून ओढणारी ती बाई, मी पडते का, हे तिलेही पाहाचंच होतं. बाकीच्याईले हासत, हिले प्रेमानं. मले त्या घडीले बड़े बाबूपेक्षा तिचाच जास्त राग आला. अजूनही येते.

तरी मी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी गेटवर तिनं हात पुढं केला, मी धरला. कारण तिचं नाव घेतलं त ऑफिसात माह्यासोबत बोलणारं कोणी उरणार नव्हतं. हे मले पक्कं माहीत होतं.

मंग नवे साहेब आले. बड़े बाबू त्याईले एकेका टेबलावर घेऊन फिरून राहिले होते. माह्यापाशी आले.

"सर, ये हमारी दिव्यांग बिटिया। और सर, असली है। जाँची हुई है।"

पुढं कोणाचाच आवाज नाही. साहेबानं माह्या तोंडासमोर हात हालवला का नाही, मले माहीत नाही. हालवला असंन. नसंनही. मी उठून उभी राहिली.

"हाथ नीचे कर लीजिए सर।"

कोणी तरी खाकरलं. माहा आवाज कापत होता, पण निघत होता.

"जाँच कैसे हुई, वो भी सुन लीजिए। मैं बैठ रही थी, पीछे से मेरी कुर्सी खींची गई। रेखा दीदी ने खींची। समोसे बड़े बाबू ने खिलाए। मैं लिखकर भी दूँगी।"

"अरे, मज़ाक में हुआ होगा," साहेब म्हणाले. "आप बैठिए, बैठिए।"

"नहीं सर। पहले आप लोग जाइए, फिर बैठूँगी।"

रेखा दीदी रडत बाहेर गेली. बांगड्या पार जिन्यापर्यंत ऐकू आल्या. मले वाईट वाटलं का? वाटलं. वापस बोलावलं का? नाही.

लिहून दिलं. त्याचं पुढं काय होते, त्यावर माहा भरोसा नाही. आई दोन दिवस बोलली नाही. गेटवर आता कोणी येत नाही. मी काठी घेऊन येते, मुद्दाम जोरात आपटत. बसाच्या आधी खुर्चीले हात लावून पाहते. घरीसुद्धा. ही सवय त्याईनं लावली, आता ती जाणार नाही. पण मले दिसते का नाही, किती दिसते, याची परीक्षा मी आता कोणालेच देणार नाही. दुश्मनाले नाही आन् भलं करणाऱ्याले त नाहीच नाही.

परवा दुपारी पंखा थांबला. बाजूच्या टेबलावर बांगड्या वाजल्या आन् गप्प झाल्या. सारे गप्प. माह्याचकडं पाहून राहिले असतीन.

मी मोठ्यानं म्हटलं, "लाइट गेली."