गढीच्या विटा

पोलीस ॲक्शननंतर जहागीर गेली, पण लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात जहागीरदाराची गढी पुढं बरीच वर्षं उभी होती. ती पाडली तेव्हा मी औरंगाबादेत कारकून होतो आणि मुकुंदवाडीत घर बांधत होतो. गढीच्या विटा विकायला काढल्याचं कळताच धावत गेलो आणि ट्रकभर घेऊन आलो. भेटेल त्याला सांगत सुटलो, "जहागीरदाराच्या विटा आहेत, असा माल आता मिळत नाही."

भिंती कमरेइतक्या आल्या तेव्हा माय गावाहून बघायला आली. गवंडी हातातल्या विटेकडं बघत कुरकुरत होता. विटेच्या बाजूवर दोन बोटांचे खळगे होते.

"कुणीतरी नुसती वेठ मारलीया," तो म्हणाला. कामात मन नसलं की आपण सगळेच असं म्हणतो.

मायनं वीट त्याच्याकडून घेतली. खळग्यांत बोटं घालून पाहिली, जाड झालेली बोटं मावेनात.

"वेठच व्हती ती," ती म्हणाली. "ही माझी खूण. परतेकीची येगळी. कुणाची वीट वाकडी निघाली ते जहागीरदाराच्या मानसांना कळाया पायजे ना! वाकडी निघाली की दिसभर उन्हात उभं करायचे. आन् रानात आपली ज्वारी पाखरं खायची."

इतक्या वर्षांत ती हे कधीच बोलली नव्हती. गावात आम्ही सगळे म्हणायचो, गढी जहागीरदारानं बांधली. बांधली म्हणे! चिखलाला त्याचं बोट तरी लागलं होतं का? मला स्वतःचीच चीड आली.

"माय, वरून गिलावा करतो. दिसणार नाही," मी म्हणालो.

ती उसळलीच. "त्यांनी बी चुना फासूनच झाकलं व्हतं. तू गिलावा कर, मी ह्या घरात पाय ठेवनार नाय."

बैठकीतली एक भिंत मी उघडी ठेवली आणि माय राहायला आली. कुणी भिंतीबद्दल विचारलं की माझ्या आधी तीच सांगायची, "म्या पाडल्यात ह्या विटा. वेठीला."

आता माय नाही. परवा माझ्या व्याह्यांनी त्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय वीट आहे हो! कुणाची?"

"जहागीरदाराची," मी म्हणालो.