एअरबॅगचा लाल लाईट अन् आमचे भाऊजी

मित्रहो, आज एक गाडी बिघडलेलीच परत पाठवली. तीही सख्ख्या बहिणीची.

दुसरबीडले माझं गॅरेज आहे. दुपारी ताई अन् भाऊजी आले. गाडीत एअरबॅगचा लाल लाईट जात नव्हता. स्कॅनर लावला, तर समोरच्या सेन्सरचा सिग्नलच येत नव्हता. खाली वाकून पाह्यलं. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात म्हणून भाऊजीनं बंपरसमोर जे लोखंडी गार्ड बसवलं, त्याच्याच पट्टीखाली सेन्सरची वायर चेपून तुटली होती.

"भाऊजी, गार्ड काढा लागते. ठोकर झाली तर एअरबॅग उघडणार नाही."

"गार्ड नाही निघत. तू फक्त लाईट बंद कर."

"तसा नाही होत बंद."

"काऊन नाही होत?" त्यायनं माझ्याच टेबलावरची काळी टेप घेतली अन् लाईटवर चिकटवली. "झालं, गेला लाईट!"

ताईनं मले डोळ्यानंच चूप केलं अन् समोरच्या सीटवर बसली. तिचा दरवाजा मीच लावून दिला.

मंग पोचली का म्हणून तिले फोन केला, तर उचलला भाऊजीनं. हसत म्हणे, "टेप अजून हलली नाही बे!"

अन् मीबी हसलो.

तुमच्यात जवायाले तोंडावर 'नाही' म्हणणारं कोणी आहे का? असन तर सांगा, कसं म्हणता ते.