सात मेंढ्यांचा शब्द

माझा थोरला भाऊ सिदूआण्णा याने आमच्या आईला फसवले. मला फसवले असते तर मी एव्हाना भांडून मोकळा झालो असतो. पण त्याने आईला दिलेला शब्द मोडला, आणि वर तिला सुखात ठेवले असे सांगत हिंडतो. म्हणून हे लिहितो आहे. गावाकडच्यांनी वाचावे, आणि माझ्यासारखे गाव सोडून सोलापुरात आलेल्यांनीही वाचावे.

मी निघालो त्या सकाळी माझ्या पाठीवर आठ घोंगड्या होत्या आणि कमरेला भाकरी. आमचे गाव सांगोल्याकडचे, कोरडे. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर फक्त मेंढरे. वडील वारल्यावर कळप आम्हा दोघा भावांचा झाला होता. आई आणि आण्णा मला वेशीपर्यंत पोचवायला आले. तिथल्या देवळापाशी मी आण्णाला थांबवले.

"माझा वाटा तुला. पन सात मेंढ्या आयच्या. ती हाय तवर त्यांच्यामागं तीच जाईल. इकायच्या न्हाईत, कुनाला द्यायच्या न्हाईत."

"एवढंच व्हय?" आण्णा म्हणाला.

"एवढंच. पन आयच्या म्होरं भंडारा उचलून म्हन."

आमच्यात भंडारा हातात घेऊन बोललेले कोणी मागे घेत नाही. आण्णाने देवापुढची हळद मुठीत घेतली आणि आईकडे बघून तसेच म्हणाला. त्या दिवसापर्यंत मी केलेल्या सौद्यांत हा मला सगळ्यांत पक्का वाटला.

सात मेंढ्यांवर अर्धा कळप सोडला म्हणून गाव हसले. आईचे दुखणे त्यांना ठाऊक नव्हते. ते अंगावर दिसणारे नव्हतेच. कोणी यायला उशीर केला, वारा फिरला, कुत्रे उगाच भुंकले, की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. "काळजात कबूतर शिरलंय," म्हणायची. आणि त्यावरचा इलाज तिचा तिनेच शोधला होता. पहाटे उठायचे, गार पाण्याने मनगटे धुवायची आणि हातात टकळी घेऊन मेंढरांमागे चालू लागायचे. मेंढरू चालेल तेवढेच चालायचे. लोकरीचा पेळू खांद्यावर, टकळी खाली फिरतेय, धागा लांबतोय. मी लहानपणी एकदा विचारले होते, चालताना कशाला कातते म्हणून. "धागा तुटला की समजायचं, श्वास अडकलाय," ती म्हणाली. "मग थांबायचं, जोडायचं, चालायचं." ऊन डोक्यावर येईपर्यंत कबूतर उडून गेलेले असायचे.

सोलापुरात मी आधी बाजारात जमिनीवर बसून घोंगड्या विकल्या, मग दुसऱ्यांच्या विकल्या, मग लोकरीचा व्यापार धरला. पाच वर्षांत पेठेत दुकान झाले. माझ्या तोंडाला बाजार भितो असे लोक म्हणतात, ते खोटे नाही. पण आमच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटे दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. एके दिवशी अक्कलकोटकडचा एक म्हातारा व्यापारी माझा हात धरून बसला आणि हसला.

"भिवाशेट, तोंड वाघाचं, आनि बोटं का ओ नाचायलेत?"

माझा हात थरथरत होता. मला तो थांबवता येईना. त्याला कळले की आज मी कितीलाही देईन, आणि त्याने तसाच माल नेला. मी मागून खूप ओरडलो. ओरडून हात थांबत नाही.

त्यानंतर ते वाढतच गेले. गिरणीचा भोंगा झाला की छाती धडधडायची, आणि भोंगा तर रोजचाच. शेवटी आमच्या पेठेतल्या हकीमसाहेबांकडे गेलो. मला वाटले, बाटली देतील. भाव करायच्या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी नाडी धरली आणि विचारले, "चाय कित्ती पीते सेठ?"

मी मोजून सांगितले, दहाबारा कप. गिऱ्हाईक आले की एक, गेले की एक.

"दो पियो. सुबू तलाव कू चलके जाव. ऐसा चलो के सांस ना फूले."

"और दवा?"

"येइच दवा है."

"फिर पैसे काहे के?"

"नक्को देव," ते म्हणाले. "पर कल से चिल्लाना भी आधा करो." मी भाव करायला गेलो आणि माझ्याशीच कोणीतरी भाव केला, असे तेवढे एकदाच झाले.

तळ्याकाठी चालायला लागलो, पण पाय धावायचे आणि डोके दुकानात राहायचे. एका सकाळी गोदामातून मूठभर लोकर आणि एक टकळी घेऊन गेलो. पहिल्या फेरीत धागा अकरा वेळा तुटला. पंधरा दिवसांनी दोनदा. महिन्याने मी रुमालाखाली हात घातला तेव्हा तो दगडासारखा पडून राहिला.

त्या दिवसांत टकळी म्हणजे खादीची चळवळ, असे इंग्रज सरकारचे मत होते. तळ्यावर एका शिपायाने अडवले. "टोपी कुठाय?" म्हणाला. मी म्हणालो, "सायेब, ही लोकर हाय, सूत न्हाय. मी देशासाटी न्हाय, छातीसाटी कातोय." त्याने धागा बोटांत धरून पाहिला, नाकाला लावला, मेंढरांचा वास आला तेव्हा जाऊ दिले.

मला वाटायचे, मी इकडे चालतो तेव्हा आईही तिकडे चालत असेल. सोलापूर आणि गाव यांत तेवढाच धागा मी धरून होतो.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला गावी गेलो. आई सोप्यात बसली होती. अंगावर नवे लुगडे, मांडीवर घोंगडी. जवळ गेलो तर त्या घोंगडीची एक कड अर्धा हात उसवलेली होती. आई एकेक धागा ओढून काढत होती आणि तिच्या पायाशी त्यांचा ढीग पडला होता.

"मेंढरं कुटं हाईत?" मी आण्णाला विचारले.

"दिली वळसंगला, माझ्या मेव्हण्याला. त्याला चांगली बीजाची पायजे हुती."

"कुनाला इचारून?"

"अरं, तू सोलापुरात शेट, अन् आय मेंढरामागं. लोक मला श्या घालत्यात. आता बसून खातीया म्हातारी. सुखात हाय की."

मी लग्नमांडवात तोंड सोडले, त्याबद्दल पुतणीची माफी मागितली आहे. आण्णाची मागणार नाही. तो म्हणतो ते लोक बोलत असतील. माझे शेटपण गावात मीच थोडे मिरवले होते, तेही खरे. पण भंडारा लोकांनी उचलला नव्हता.

आईला मी सोलापुरात घेऊन आलो. सगळे करून पाहिले. चहा बंद केला, तळ्यावर नेले, हातात टकळी दिली. ती दोन पावले चालते आणि मागे-पुढे बघते. "फुडं चालनारं कायतरी पायजे रं, भिवबा," म्हणते. मी बाजारातून दोन मेंढ्या आणून परड्यात बांधल्या. तिने त्यांचे कान चाचपले, दात पाहिले आणि सोडून दिल्या. "ह्या कुनाच्या? ह्यांची आय मला ठावी न्हाय." तिच्या सातजणींच्या आया आणि आज्या तिने आपल्या हाताने जन्माला आणल्या होत्या. त्या सातांतली काजळी तर तिने आपल्या पदरात वाढवली.

आता संध्याकाळचा भोंगा झाला की ती दारात येते. गल्लीतून गिरणीची माणसे घरी जात असतात. ती त्यांच्यात बघते आणि मला विचारते, "काजळी आली का रं?" मी तिचा हात धरून तिला आत नेतो.

इथे आलेले लोक विचारतात, भिवाशेट, तुमचे घर आता कोणते? दुकान इथले, माझी पोरे इथली, हात स्थिर झाला तोही इथल्याच तळ्यावर. तरी ते सात मेंढ्यांमागे धीमे चालणे जिथे होते तेच मी घर धरून होतो, आणि ते आता वळसंगला दुसऱ्याच्या वाघरीत, मेंढरांच्या जाळीत आहे.

तेव्हा आण्णा, ऐक. माझा सोडलेला वाटा मी मागत नाही. मेव्हण्याला काय समजावायचे ते तू समजाव. त्या सातांतल्या असतील तेवढ्या घेऊन गावी ये. मी आईला तिथे आणून सोडतो. आणि आणता येत नसतील, तर मोकळ्या हाताने सोलापूरला ये. संध्याकाळी भोंग्याच्या वेळी माझ्या दारात उभा राहा, आणि आई विचारेल तेव्हा काजळी कुठे आहे ते तूच तिला सांग.