एकादशीचा चहा

देवाने मला वाचवलं, असं मी अजूनही मोकळेपणाने म्हणू शकत नाही. तसं म्हटलं की दुसऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

सपाट हॉलंडमध्ये, आइंडहोवनला, माझे सहकारी पुलाच्या चढालाही टेकडी म्हणतात, आणि हिवाळा आला की ऑस्ट्रियाच्या डोंगरांत जातात. त्या वर्षी त्यांच्यातल्या विमने मलाही ओढून नेलं. चढाईच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या बूथवरून, कॉलिंग कार्ड वापरून, पुण्याला आईला फोन केला. तिची बायपास व्हायची होती. "उद्या एकादशी आहे. माझ्यासाठी एवढी कर," ती म्हणाली. उपास, बुवा, महाराज यांची मी जन्मभर टिंगल केलेली. पण त्या आवाजाला नाही म्हणवेना.

"साबुदाणा कुठे मिळायचा रे तुला तिथे?"

"चहावर राहीन."

सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा पाचपैकी तिसऱ्या पातळीचा होता. वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ जुन्या कडक थरावर नुसता टेकला होता. पाऊल पडलं की आतून दबका 'धप्' ऐकू यायचा. विमला तो आवाज आवडला नाही, तरी आम्ही चालत राहिलो. उघड्या उताराच्या तोंडाशी मला भोवळ आली.

"नाश्त्याला काय खाल्लंस?" विमने विचारलं.

"आज उपास आहे."

"तुझ्या देवाला डोंगराचाच दिवस सापडला?"

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला, एकटाच. त्याने पाव पुढे केला. तो उपासाला चालत नाही, म्हणून मी हात जोडले. काय समजला कोण जाणे, त्याने थर्मासमधला गोड चहा ओतून दिला. "बसा निवांत. मी पुढे वाट पाडतो," मोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि थर्मास माझ्याजवळच ठेवून निघाला.

फार मोठा आवाज झाला नाही. त्याच्या वर बर्फावर एक रेघ उमटली आणि अख्खा उतार त्याला घेऊन खाली गेला.

बर्फात गाडलेला माणूस सापडावा म्हणून तिथे सगळेच छातीवर यंत्र बांधतात; त्याच्या यंत्राचा संकेत आमच्या यंत्रांना मिळाला. फावड्यांनी उकरत राहिलो. माझी भोवळ कुठे गेली कळलंही नाही. तो सापडला तेव्हा श्वास थांबलेला होता.

खाली गावात त्याच्या बायकोला मी थर्मास दिला. काय घडलं ते विमने जर्मनमध्ये सांगितलं. तिने थर्मास कानाशी हलवून पाहिला. आत थोडा चहा उरला होता.

"गरम होता ना?" तिने विमकरवी मला विचारलं.

"होता."

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. श्रेय तिने एकादशीला दिलं. मी वाद घातला नाही. हल्ली दर एकादशीला मी इथे नुसत्या चहावर राहतो. मागत काही नाही. त्या दिवशी कृपा आली होती, एवढं मानतो. ती कोणाच्या वाटणीची होती, हे विचारणं सोडलं आहे. कप दोन्ही हातांत धरतो आणि गरम आहे तोवर पितो.