डांबर किती, माती किती

माझी पहिली नेमणूक सुरगाण्याच्या बाजूला, जनावरांच्या दवाखान्यात झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. सत्त्याण्णव साल होतं ते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लसींचा एक फ्रिज आणि पुढे जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. हद्दीत सतरा पाडे, त्यातल्या चारच पाड्यांना डांबरी रस्ता. बाकी ठिकाणी जीप जाईल तिथवर जीप आणि पुढे आपले पाय.

जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि अडलेली गाय जीप भरेपर्यंत थांबायची नाही. म्हणून मी मोटरसायकल घेतली, शंभर सीसीची, जुनी. चालवायला वडिलांनीच शिकवलं होतं, कॉलेजात असताना. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा होता आणि नाना रोज पहाटे फुलांची पाटी मोटरसायकलला बांधून बाजारात जायचे. मळ्याच्या बांधावरून मी पहिल्यांदा गाडी काढली, तेव्हा ते मागे पळत ओरडत होते, "गुलाब सांभाळ, तुझं तू बघ!"

सोमवारी सकाळी नाशिकहून निघायचं, दिंडोरी, वणी, मग घाट, मग सुरगाणा. शनिवारी परत. आठवडाभर पाड्यापाड्यांतून फिरती. लेडी डॉक्टर, तीही मोटरसायकलवर आणि तीही गुराढोरांची, असं तिहेरी आश्चर्य लोकांना बघायला मिळायचं.

पहिल्याच वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत मी खाचरांमधल्या वाटेने निघाले होते. टायर साधे, गाडीबरोबर आलेले. थोडा चढ आला, मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि बघता बघता गाडी आडवी झाली. मी थेट खाचरात. लावणी करणाऱ्या बारा-पंधरा बाया एकदम उभ्या राहिल्या. आणि मग जे हसू फुटलं! "डॉक्टरीण पडली! डॉक्टरीण पडली!" त्यातल्या दोघींनी येऊन गाडी उचलली. एकीने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हटलं, "बाई, आता आमच्यासंगं लावणीच कर ना!"

त्या शनिवारी मी घरी जाऊन नानांना म्हटलं, "चिखलात चालेल असा टायर पाहिजे."

रविवारी सकाळी आम्ही दोघं नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका टायरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नऊवारीचा काष्टा घट्ट. यजमान पूर्वी ट्रकवर होते. आता ते बाहेर टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. बोलायचं खातं काकूंकडे.

"चिखलासाठी टायर पाहिजे," मी म्हटलं.

"डांबर किती आणि माती किती?" काकूंनी विचारलं.

"सगळी मातीच," मी ठसक्यात सांगितलं.

"म्हणजे नाशिक ते सुरगाणा रस्ता उखडला की काय?"

नानांचं मात्र लक्ष वर टांगलेल्या एका टायरकडे गेलं होतं. त्याला अंगठ्याएवढ्या रबराच्या गोट्या होत्या, एकीपासून दुसरी लांब. मैदानावर मातीच्या शर्यती खेळणारी पोरं तो न्यायची. त्याला बटन टायर म्हणत.

"हा द्या," नाना म्हणाले. "आमच्या ट्रॅक्टरला असेच दात आहेत. चिखलात काय चालतो!"

"भाऊ, तुमचा ट्रॅक्टर घाटातून साठच्या स्पीडने उतरतो का?"

नाना मोठ्याने हसले. काकूही हसल्या. आणि आम्ही तोच टायर घेतला, दोन्ही चाकांना. खरं सांगायचं तर मलाही तोच हवा होता. गाडी त्यामुळे फार रुबाबदार दिसायला लागली.

सोमवारी दिंडोरी रोडला लागले आणि गाडी घोंघावायला लागली. दिंडोरीपर्यंत तो आवाज एवढा वाढला, की चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा हात कपाळाला लावून विमान शोधत होता. प्रत्येक गावातलं कुत्रं वेशीपर्यंत पोचवायला यायचं. हँडलमधून मुंग्या कोपरापर्यंत चढायच्या. पण सुरगाण्याच्या पुढे, लाल मातीत उतरले आणि सगळं माफ झालं. जिथे पडले होते त्याच चढावरून मी सरळ वर गेले. खाचरातल्या बाया पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. मी पडले नाही म्हणून त्यांची थोडी निराशाच झाली.

असा महिनाभर मी राणीसारखी हिंडले. मग एका शनिवारी परत येताना घाटात भुरभुर पाऊस होता. डांबर काळंभोर, चकचकीत. दुसऱ्या वळणावर गाडी कलती केली आणि खालून काहीतरी दुमडल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी मी रस्त्यावर बसल्या बसल्या घसरत होते, गाडी माझ्या पुढे घसरत होती आणि लसीचा डबा दोघींना मागे टाकून कठड्याशी जाऊन पोचला होता. कोपर सोलपटलं, पँट फाटली, डबा शाबूत. मागून येणारा दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने गाडी उभी केली, टायरवर लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "बाई, हे रेसचं सामान हाय. घाटात याच्यावर नाचायचं नाय."

रविवारी कोपराला पट्टी बांधून मी काकूंसमोर उभी राहिले. नानांना मी नको म्हटलं होतं, तरी ते आले आणि दुकानाबाहेरच थांबून राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण काकू चष्मा लावून मागच्या चाकापाशी बसल्या आणि टायरवरून तळहात फिरवला, आम्ही गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतो तसा.

"ये, बघ," त्या म्हणाल्या. "मधल्या गोट्या अर्ध्या झिजल्यात. आणि कडेला?"

कडेच्या गोट्यांवर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच होते.

"मातीत गाडी सगळ्या बाजूंनी चालते, तिथे कडासुद्धा घासतात. हा टायर जास्त करून डांबरावरच सरळ पळालाय. आणि वळणावर तू या कोवळ्या, उंच गोट्यांवर आलीस. त्या वाकल्या, तू पडलीस." मग त्यांनी विचारलं, "आता खरं सांग, डांबर किती?"

"चारातले तीन भाग माती असेल," मी म्हटलं.

"आठ दिवस लिहून आण. डांबर संपलं की मीटरवरचे किलोमीटर बघायचे, लागलं की पुन्हा बघायचे."

मी जपून गाडी चालवत आठ दिवस तपासणीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले. बेरीज केली तर उलटंच निघालं. चारातले तीन भाग डांबर होतं आणि एकच भाग माती. मी पुन्हा बेरीज केली. तेच. मला माझीच गंमत वाटली. इतके महिने मी सगळ्यांना सांगत होते, की मी रानावनातून गाडी चालवते. चिखलातला एक किलोमीटर आठवणीत राहतो, डांबरावरचे वीस कोणाला आठवतात?

वही बघून काकूंनी आतून दोन टायर काढले. मागचा, मधे भरीव आणि कडेला मोकळ्या, रुंद ठोकळ्यांचा. पुढचा त्याहून बारीक नक्षीचा. "मागचा ढकलतो, पुढचा वाट दाखवतो. दोघांना एकच काम सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "चिखलात तो बटनसारखा चालणार नाही आणि डांबरावर साध्यासारखा चालणार नाही. पण दोन्हीकडून तू घरी येशील."

तेवढ्यात बाहेर बसलेले काका उठून आले. त्यांनी हवा मोजायचं पेनाएवढं नळकांडं माझ्या हातात ठेवलं. "मातीला लागलं की दहा पौंड सोडायची," ते म्हणाले. "पंप जवळ ठेव, डांबराला लागलं की भरायची. विसरायचं नाही." आणि परत टबाशी जाऊन बसले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं ते.

नाना तोवर आत आले होते. नवा टायर उलटसुलट करून बघत म्हणाले, "ट्रॅक्टरला पण असा येतो का हो?"

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या टायरांची परीक्षा झाली. दुपारी दवाखान्यात जीपवाला निरोप घेऊन आला. डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर एका आजीची म्हैस सकाळपासून अडली होती. "मी वढ्यापर्यंत सोडतो," तो म्हणाला. "पुढं नाय जात गाडी. दोनदा रुतली." ओढ्यापासून पाडा पायी दीड तास. तेवढा वेळ म्हशीकडे नव्हता.

मी पिशवी पाठीला बांधली आणि निघाले. डांबर संपलं तिथे उतरले, दोन्ही चाकांची हवा सोडली, नळकांड्याने मोजली. टायर जमिनीवर जरा बसला, पसरला. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या खाली होतं. मी पहिल्या गिअरमध्ये, गाडी एकसारख्या वेगात ठेवत, दगडांवरून पलीकडे गेले. खरी भीती पुढच्या चढाची होती. लाल चिखल, मधोमध बैलगाडीच्या चाकोऱ्या, एका बाजूला उतार. अर्ध्यावर मागचं चाक फिरायला लागलं. मला ते खाचर आठवलं. मी गाडी थोडी कडेला कलती केली, तशी कडेच्या ठोकळ्यांनी माती धरली. गाडी हलत, डुलत, चिखल उडवत वर गेली. वर पोचल्यावर मी एकटीच मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते सांगण्यासारखं नाही.

म्हैस गोठ्यात आडवी होती. पोटातल्या रेडकाची मान मागे वळलेली होती. मी बाही वर केली, साबण लावला, आणि जवळजवळ पाऊण तास माझा हात खांद्यापर्यंत आत. रेडकू आधी मागे ढकलायचं, मग तोंड चिमटीत धरून वळवायचं, हात बधिर झाला की थांबायचं. आजी म्हशीच्या डोक्याशी बसून तिच्याशी सारखी बोलत होती. शेवटी मान सरळ झाली आणि दोन कळांत रेडकू बाहेर आलं. निपचित. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला, वैरणीची काडी नाकपुडीत घातली, छाती चोळली. ते शिंकलं. आजी रडायलाच लागली आणि रडत रडत मला विचारायला लागली, "जीप तं वढ्याशीच थांबते. तू आलीस कशी?"

मी दाराबाहेरची गाडी दाखवली. आजी गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग तिने मुठीत हळद-कुंकू आणलं आणि म्हशीला लावलं, रेडकाला लावलं, आणि उरलेलं माझ्या मागच्या टायरला.

ही सगळी गोष्ट मी काकूंना सांगितली तेव्हा त्या ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं टायर विकतेय. ते जातात कुठे, हे मी कधी बघितलं नाही गं. मला एकदा तो रस्ता दाखव."

दिवाळीनंतर, रस्ते सुकल्यावर, एका रविवारी मी त्यांना मागे बसवून नेलं. काका दुकान सांभाळायला राहिले. काकू काष्टा घालून पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या आणि दिंडोरीपर्यंत माझा खांदा असा धरून होत्या की दुसऱ्या दिवशी तिथे पाच बोटं उमटली होती. वणीनंतर त्यांनी हात सोडला. घाटात तर मागून आवाज आला, "जरा पळव की!"

डांबर संपलं तिथे हवा त्यांनी स्वतः सोडली. पुढे एका ओलसर वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून मागे चालत गेल्या आणि आमच्या चाकाचा मातीत उमटलेला ठसा बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मधे सलग पट्टा, दोन्ही कडांना ठोकळ्यांची ओळ. बोटाने त्याची खोली मोजली. वाटेवरचे दोन-तीन दगड उचलून त्यांच्या कडा चाचपल्या आणि एक पिशवीत टाकला.

आजीच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ झाली. आजी आणि काकू यांची गट्टी अशी जमली की मला कोणी बोलूच देईना. रेडकू एव्हाना चांगलंच वाढलं होतं. ते काकूंचा काष्टा चघळत होतं आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता. परतताना डांबर लागलं तशा त्या खाली उतरल्या, माझ्या हातातून पंप घेतला आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्या जीपमधल्या लोकांसमोर, हुं हुं करत दोन्ही चाकं भरली.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात गेले तर एक तरुण गिऱ्हाईक काउंटरपाशी गोंधळून उभं होतं. काकूंनी सुरगाण्याचा तो दगड त्याच्यासमोर ठेवला होता आणि विचारत होत्या, "तुमच्याकडचे दगड असे धारदार आहेत, की नदीतल्यासारखे गोल? आधी ते सांगा, मग टायर काढते."